दौलतगंजच्या भिंतीवरचा वाघ

आमच्या दौलतगंजच्या घरात जिन्याच्या वळणावर एक फोटो टांगलेला आहे. लहानपणी मी त्या वळणावर डोळे मिटून चार पायऱ्या चढायचो. फोटोत जमिनीवर आडवा पडलेला वाघ, त्याच्या मागे खुर्च्यांवर बंदुका घेतलेले दोन साहेब, त्यांच्या मागे साफे बांधलेली मंडळी, आणि अगदी उजव्या कडेला, अर्धे फ्रेमच्या बाहेर गेलेले आमचे पणजोबा. ते ग्वाल्हेर दरबारच्या शिकारखात्यात कारकून होते. त्यांच्या हातात बंदूक नाही, मोजायची टेप आहे.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दौलतगंज हा लष्करचा भाग, आणि लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी. 1810 च्या सुमाराला ती किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि मग उठलीच नाही, तिचंच शहर झालं. दौलतगंज या नावातही दौलतराव आहेत. आजूबाजूची नावं ऐका: शिंदे की छावनी, फालके बाजार, पाटणकर बाजार, निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ. आडनावं मराठी, मधला ‘की’ हिंदी. आम्हीही तसेच. भाजीवाल्याशी हिंदी, घरात मराठी आणि भांडण दोन्हींत. महाराज बाडा पायी काही मिनिटांवर. थंडीत सकाळी नया बाजारातल्या बहादुराकडून बुंदीचे लाडू आणायचे आणि संध्याकाळी गजक, हा आमच्या घरचा अलिखित नियम.

तर तो फोटो. पाहुण्यांना तो दाखवताना बाबा दर वेळी एकच किस्सा सांगतात. व्हाइसरॉयच्या शिकारीसाठी म्हणे संस्थानांत एक खास टेप ठेवलेली असायची, तिच्यातला फूट अकरा इंचांचा. त्यामुळे साधा नऊ फुटी वाघसुद्धा कागदावर पावणेदहा फुटांच्या वर जायचा आणि साहेब खूश व्हायचे. किस्सा खरा की रचलेला देव जाणे. “पण टेप धरणाऱ्याला तर ठाऊक असणारच ना?” हे बाबांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. पाहुणे हसतात, चहा येतो.

मी शिकार करीन असं मला किंवा आमच्या घरात कोणालाच कधी वाटलं नव्हतं. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो विषयच संपला. बीई झालो, नोकरीला लागलो, आणि कंपनीच्या प्रोजेक्टवर विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला तीन वर्षं राहिलो. तिथे थंडी लांबलचक, संध्याकाळी करायला काही नाही, म्हणून तिरंदाजीच्या इनडोअर रेंजवर जायला लागलो. हातात आलं ते कंपाउंड धनुष्य. 1960 च्या दशकात मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधलेला हा प्रकार. टोकांना चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो आणि नेम धरून थांबता येतं. इंजिनियर माणसाला आवडेल असंच यंत्र. दोन हिवाळे मी फक्त कागदावर बाण मारले.

ऑफिसातला एक सहकारी मला शिकारीकडे घेऊन गेला. वय साठीला टेकलेलं, मितभाषी. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या एवढी आहे की सरकारच परवाने देऊन ती आटोक्यात ठेवतं. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मी कोर्स केला, परवाना घेतला. पहिलं वर्ष त्याच्यासोबत नुसता बसलो. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, आता एकटा जा.

एकटं जायचं म्हणजे पहाटे अंधारात किंवा दुपारी जंगलात शिरायचं, झाडाला बांधलेल्या मचाणावर पंधरा-वीस फूट चढायचं, कमरेचा पट्टा झाडाला अडकवायचा आणि तीन-चार तास हलायचं नाही. बोलायला कोणी नाही, पाहायला कोणी नाही. नेमका तिथेच अंगावर बांधायचा कॅमेरा येतो. निक वुडमन नावाच्या सर्फिंगवेड्या माणसाला लाटेवरचे स्वतःचे फोटो हवे होते, त्यातून 2004 मध्ये गोप्रोचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तोही साध्या फिल्मचा. आता मात्र एकट्याने करण्याचं जे जे काही आहे, ते सगळं या डबीत जातं. तिकडच्या धनुर्धारी शिकाऱ्यांत तर ही परंपरा फार जुनी. मिशिगनचे फ्रेड बेअर स्वतःच्या शिकारींचे चित्रपट काढून गावोगाव दाखवायचे. हेच बेअर 1963 मध्ये भारतात आले होते आणि त्यांनी धनुष्यबाणाने वाघ मारला होता. हे मी तिकडे वाचलं तेव्हा मला जिन्यातला फोटो आठवला होता.

कॅमेरा घेतला, पण तो लावायचा कुठे? मी आधी छातीचा पट्टा घेतला. पहिल्या संध्याकाळचं फुटेज घरी पाहिलं तर अडीच तास एकच ओकचं खोड. तेव्हा लक्षात आलं की उजव्या हाताचा तिरंदाज डावा खांदा सावजाकडे करून उभा राहतो, त्यामुळे त्याची छाती काटकोनात भलतीकडेच पाहत असते. शिवाय दोरी सुटताना पट्ट्याला घासण्याची भीती. धनुष्यावरच बसवला तर दोरीच्या झटक्याने चित्र थरथरतं. शेवटी टोपीवर आला. डोकं जिकडे, कॅमेरा तिकडे. मग दुसरी अडचण: त्याची भिंग इतकी रुंद की अठरा मीटरवरचं हरीण पडद्यावर मुंगीएवढं दिसायचं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “म्हणजे तुझी टेप तेरा इंची फुटाची!” सेटिंग बदलून दृश्याची रुंदी कमी केली. बीप बंद, लाल दिवा बंद. थंडीत बॅटरी तासाभरातच मान टाकायची, म्हणून जास्तीच्या दोन बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचो. हे सगळं मला मनापासून आवडत होतं. खरं सांगायचं तर हरणापेक्षा जास्त.

तीन शनिवार-रविवार असेच गेले. घरी येऊन पाहायचो तर खारी, पडणारी पानं, माझाच श्वास. एकदा एक घुबड. हे कोणाला दाखवणार?

मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ती संध्याकाळ. कायद्याने बाण सोडता येण्याची वेळ संपायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. शेवटची बॅटरी लावलेली, तीही संपत आलेली. उजवीकडून एक हरणी आली आणि माझ्यापासून अठरा मीटरवर थांबली. मी दोरी ओढली आणि सोडली. ती उडी मारून झाडीत गेली.

सहकाऱ्याला फोन लावला. हात कापत होते. म्हणालो, “एकदम आडवी उभी होती, नेम बरोबर होता, पण दोरीच्या आवाजाने शेवटच्या क्षणी वळली.” हे मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच आठवत होतं. तो म्हणाला, “खाली उतरू नकोस. आधी व्हिडिओ बघ.”

नवख्याला वाटतं व्हिडिओ मिरवण्यासाठी असतो. त्याचा खरा उपयोग हा. बाण कुठे लागला यावर पुढचं सगळं ठरतं. फुप्फुसात लागला तर प्राणी मिनिटभरातच पडतो, अर्ध्या तासाने माग काढायला हरकत नाही. यकृतात लागला तर चार तास थांबायचं. पोटात लागला तर रात्रभर, आठ-बारा तास. घाई केली तर जखमी प्राणी उठून मैलभर जातो आणि कुठेतरी झुडपात हाल होऊन मरतो. सापडत नाही.

मचाणावर बसूनच फोनच्या पडद्यावर मी ती क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. सवयीप्रमाणे हिशोब केला. बाणाचा वेग सेकंदाला साधारण ऐंशी मीटर, म्हणजे अठरा मीटरला पाव सेकंदाहून किंचित कमी. सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशोबाने तेरा फ्रेम. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या फ्रेमलाच हरणापर्यंत पोचतो. सातव्या फ्रेमपासून ती खाली दबताना दिसते. इथवर माझं म्हणणं खरं होतं. पण मग मी मागे गेलो, बाण सुटण्याच्या आधी. शून्याव्या फ्रेमला ती आडवी नव्हतीच. तिचं तोंड तिरकं माझ्याकडे होतं, मान वर, कान उभे. अशा कोनातून बाण सोडायचा नाही, खांद्यामागून शिरलेला बाण पोटात जातो, हे कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. ते मला पाठ होतं. आवाजाने ती वळली वगैरे काही नाही. तिरकी उभी असतानाच मी सोडला होता, कारण उजेड जात होता, बॅटरी जात होती आणि मला फिल्म हवी होती.

आणि क्लिपला आवाज होता. बाण लागल्याबरोबर त्यात कुजबुजल्यासारखा एक शब्द आहे, मराठीत. “लागला!” त्या जंगलात मैलोन्‌मैल मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

बाण जमिनीत रुतलेला सापडला. त्यावर हिरवट-तपकिरी घाण होती. म्हणजे पोटच. सहकारी म्हणाला, घरी जा, सकाळी येऊ. ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी आठला आम्ही दोघांनी माग काढला. वाळक्या पानांवरचे थेंब, मग काहीच नाही, मग पुन्हा एक थेंब. मोजून एकशे सत्तर पावलांवर ती सापडली. कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांनी, रात्रीत तिची मागची बाजू खाल्ली होती. सहकाऱ्याने टोपी काढली, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “नोंद करून टाक.” तिकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद करावी लागते. मी केली. त्या फॉर्मवर तारीख, जागा, नर की मादी असलं विचारतात.

त्या हंगामात मी पुन्हा गेलो नाही. परत येताना धनुष्य सहकाऱ्याकडेच ठेवून आलो. कॅमेरा तेवढा आणला.

गेल्या डिसेंबरात दौलतगंजला गेलो तेव्हा बाबांनी विचारलंच. “ते तुझं शिकारीचं सिनेमाचं काय झालं? दाखव की.” टीव्हीला जोडायची तार मी मुद्दाम विसरलो होतो, तर ती त्यांनी स्वतः बाड्यावरून आणली. आई म्हणाली, “मला सांगूच नका,” आणि गाजरं किसायला स्वयंपाकघरात गेली. मी खारी दाखवल्या, घुबड दाखवलं. बाबांना घुबड आवडलं. मग म्हणाले, “आणि ते?” मी एक्केचाळीस सेकंदांची ती क्लिप लावली. लावण्याआधी सगळं सांगितलं, फोनवर सहकाऱ्याला सांगितलेलंही.

त्यांनी एकदा पाहिली. दुसऱ्यांदा लावायला सांगितली नाही. स्वयंपाकघरातला किसणीचा आवाज थांबला होता, कारण “लागला” तिकडे ऐकू गेला होता. आईला माझा आवाज कुठेही ओळखू येतो. थोड्या वेळाने किसणी पुन्हा सुरू झाली.

बाबा म्हणाले, “शिवपुरीला जाऊन येऊ या का? मी शाळेच्या सहलीत गेलो होतो, त्यानंतर नाही.”

ग्वाल्हेरहून शिवपुरी साधारण एकशे पंधरा किलोमीटर. घाटीगाव, मोहना, सतनवाडा करत जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने जायचं. शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी. माधवराव महाराजांनी ती नटवली, आणि आई सख्याराजे यांची छत्री व महाराजांची छत्री तिथे समोरासमोर आहेत. पांढऱ्या संगमरवरावरची जडणघडण पाहायला तासभर तरी हवा. आम्ही संध्याकाळी तिथे बसलो, रात्री मुक्काम केला आणि सकाळी उजाडता उजाडता माधव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर जिप्सीत चढलो. मी कॅमेरा टोपीवर लावला. बाबांनी मफलर गुंडाळत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “छातीवर नको लावूस हो. झाडंच दिसतील.”

हे एकेकाळी राजघराण्याचं शिकारीचं रान. 1958 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. मधल्या काळात इथले वाघ संपले. 2023 च्या मार्चमध्ये ते पुन्हा आणून सोडले आणि 2025 मध्ये याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ज्या रानात वाघ मोजायला टेप लागायची, तिथे आता तो मोजायला झाडाला बांधलेले कॅमेरे आहेत. गाइडने तसा एक दाखवला, गुडघ्याच्या उंचीवर, खोडाला पट्ट्याने आवळलेला. आपल्या टोपीवरच्या डबीचाच सख्खा भाऊ. फक्त त्याच्यामागे कोणी बसलेलं नसतं.

सख्यासागर तलावावर धुकं होतं. काठावर दोन मगरी उन्हाची वाट पाहत लाकडासारख्या पडलेल्या. उंचावरचं जॉर्ज कॅसल पाहिलं. पंचम जॉर्ज बादशहा शिकारीला येतील म्हणून ते बांधलं आणि त्यांना वाटेतच वाघ मिळाल्यामुळे ते इथे थांबलेच नाहीत, असं तिथे सांगतात. बांधकाम मात्र देखणं आहे. मग गाइड आम्हाला तलावाजवळच्या जुन्या शूटिंग बॉक्सकडे घेऊन गेला. पक्की दगडी जागा. आमिष बांधायचं, साहेबांनी आत बसायचं, वाघ आला की गोळी घालायची.

बाबा आत जाऊन झरोक्याशी बसले. गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे बसायला वेळ लागला. खूप वेळ बाहेर पाहत राहिले. माझ्या टोपीवरच्या कॅमेऱ्यात त्यांची पाठ, मफलर आणि झरोक्यातला उजेडाचा चौकोन एवढंच आलं आहे. मग त्यांनी गाइडला हिंदीत विचारलं, “और घायल होकर भाग जाता, तो नीचे कौन उतरता था? साहब?”

गाइड हसला. “साहब क्यों उतरेंगे? हाँके वाले, शिकारखाने वाले.”

“हमारे दादाजी शिकारखाने में थे,” बाबा म्हणाले. पणजोबा कारकून होते हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मला वाटायचं ते नुसती टेप धरायचे. कधी विचारलंच नाही.” आजोबांनाही विचारायचं राहिलं, आणि आता सांगणारं कोणी नाही. फोटोत दिसतात ती माणसं मी घरी आल्यावर मोजली. साहेब दोन, बाकीचे चौदा. चौदांपैकी आठ अनवाणी आहेत. इतकी वर्षं चार पायऱ्या डोळे मिटून चढल्यावर हे कसं दिसणार होतं!

वाघ दिसला नाही. चितळांचा कळप दिसला, मोर दिसले, एक नीलगाय रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे पाहत राहिली. सगळं मिळून तीन तासांचं फुटेज. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याची मागची बाजू आणि जिप्सीच्या घरघरीत बाबांचं बोलणं: थंडी, रस्ते, 1960 च्या दशकातली त्यांची सहल, मास्तरांनी मगरींच्या भीतीने मुलांना कसं दोरीला धरून चालवलं होतं ते.

परतायच्या आदल्या रात्री मी लॅपटॉपवर बसून त्याची चार मिनिटांची नीटनेटकी फिल्म करायला घेतली. मोर, नीलगाय, मगरी, कॅसल, मागे थोडं संगीत. बाबा मागे येऊन उभे राहिले.

“कापू नकोस. आहे तशी दे.”

“बाबा, तीन तास आहे. काहीच होत नाही त्यात.”

“असू दे.”

पेनड्राइव्हवर घालून दिली. विस्कॉन्सिनची एक्केचाळीस सेकंदंही त्यांनी मागितली, तीही दिली, आवाजासकट. त्यांनी टीव्ही लावला, पाय स्टुलावर घेतले आणि शिवपुरी सुरू केली. मी बॅग भरत होतो. तासाभराने आई मेथीची जुडी घेऊन बाहेर आली आणि निवडत निवडत पडद्याकडे पाहायला लागली.

“वाघ केव्हा येतो?”

“येत नाही.”

“मग काय बघताय?”

“बस जरा,” बाबा म्हणाले.

आई बसली.